आईला रोबोट आणू का, ताई?

मागच्या अंकात घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की हल्ली यंत्रं पण बरीच आलीत, काही विचारायचं असेल तर विचारा. ती ओळ मला भलतीच महागात पडली, एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की त्यातले सहा निवडताना नाकी नऊ आले. नवीन वाचकांसाठी सांगते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे नोकरी लावून देणारी नव्हे (हे अजूनही विचारतात लोक), तर पॅरालिसिस झालेल्या माणसाला परत शर्टाचं बटण लावता यावं, आपल्या हाताने भात कालवून खाता यावा म्हणून हात धुऊन मागे लागणारी बाई.

प्रश्न (डोंबिवली): नमस्कार ताई. बाबांना (वय 71) चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली. आता वॉकर धरून हॉलपासून बाथरूमपर्यंत येतात पण हात लुळाच आहे, बोटं जरा जरा हलतात. एका सेंटरवाल्यांनी रोबोटिक रिहॅबचं पॅकेज सांगितलंय, आकडा ऐकून मी गप्पच बसलो, एफडी मोडावी लागेल. मोठा भाऊ म्हणतो बाबांसाठी पैशाकडे बघायचं का, बायको म्हणते आधी नीट चौकशी कर. रोबोटने खरंच हात परत येतो का?

उत्तर: वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्या बरोबर बोलतायत.

आधी चालणं आणि हात हे दोन वेगळे करू, कारण सेंटरवाले दोन्ही एकाच रंगीत कागदावर छापतात आणि आपल्याला वाटतं सगळं एकच. चालण्याचं जे यंत्र असतं, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडचं लोकोमॅट किंवा आपल्याकडे केरळच्या जेनरोबोटिक्सने केलेलं जी-गेटर (हीच ती गटारं साफ करणारा बँडिकूट रोबोट बनवणारी मंडळी), त्यात माणसाला पट्ट्यांनी तोलून धरतात म्हणजे अंगाचं सगळं वजन पायावर येत नाही आणि यंत्र त्याचे पाय चालीच्या लयीत हलवतं. यात जादू काही नाही हो, यात आहे ती फक्त संख्या. पूर्वी हेच काम ट्रेडमिलच्या दोन बाजूंना उकिडवे बसून दोन थेरपिस्ट करायचे, एकेक पाय हाताने उचलून पुढे टाकायचा, दहा मिनिटांत आमचीच कंबर जायची, यंत्र मात्र न थकता शेकडो पावलं टाकून घेतं आणि स्ट्रोकनंतर मेंदूला जे परत शिकायचं असतं ते असं घोकूनच शिकायला लागतं. आतापर्यंतच्या चाचण्या एकत्र केल्या तर असं दिसतं की जास्त फायदा पहिल्या तीन महिन्यांत होतो, आणि ज्यांना अजिबातच चालता येत नाही त्यांना होतो, तोसुद्धा नेहमीच्या फिजिओच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. तुमचे बाबा चार महिन्यांवर आहेत आणि वॉकरने बाथरूमपर्यंत येतात. म्हणजे चालण्यासाठी एफडी मोडायचं कारण मला तरी दिसत नाही, त्यांना घरात, जिन्यात, सोसायटीच्या आवारात रोज चालवा.

आता हात. हाताच्या रोबोटांमध्ये सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी केलेलं एमआयटी-मॅनस. पेशंटने दांडा धरायचा, समोर स्क्रीनवर ठिपका दिसतो तिकडे हात न्यायचा, जिथे जमत नाही तिथे यंत्र हळूच पुढे ढकलतं. ब्रिटनमध्ये 770 पेशंट घेऊन याची मोठी चाचणी झाली, आठवड्यात तीन दिवस, 45 मिनिटं, 12 आठवडे, आणि 2019 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला की हाताने काम करता येणं या बाबतीत रोबोटवाले पेशंट नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. आम्हा थेरपिस्ट लोकांच्या ग्रुपवर त्या दिवशी दोन तट पडले होते, अर्धे म्हणे बघा सांगत नव्हतो, अर्धे म्हणे यंत्र चुकीच्या पद्धतीने वापरलं. माझं मत विचाराल तर दांडा पुढेमागे नेणं आणि पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची प्रॅक्टिस करू तेच सुधारतं.

म्हणून यंत्र भंगार असंही नाही. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने मिळून प्लूटो नावाचं टेबलावर ठेवायचं छोटं यंत्र केलंय, मनगट आणि बोटांसाठी, गेम खेळत खेळत व्यायाम होतो आणि पेशंट कंटाळत नाही. कंटाळा हा या आजारातला मोठा शत्रू आहे, यंत्राने तो घालवला तर तेवढंही पुष्कळ. पण तुम्ही सेंटरमध्ये जाल तेव्हा विचारा की 45 मिनिटांत पट्टे बांधण्या-सोडण्यात किती जातात, यंत्रावर बसल्यावर शेजारी थेरपिस्ट उभा असतो की एक पोरगा बटण दाबून मोबाईल बघत बसतो, आणि घरी काय करायचं ते लिहून देता का. शेवटच्या प्रश्नाला "घरी काही करायची गरज नाही" असं उत्तर आलं तर तिथूनच रिक्षा पकडा.

आणि तोपर्यंत काचवाल्याकडून एक आरसा आणा. हो, आरसा. दोन हातांच्या मधे उभा करायचा, लुळा हात आरशाच्या मागे, बाबांनी आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत तो हात हलवायचा, मेंदूला वाटतं की आजारी हातच हलतोय. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या लोकांच्या दुखण्यासाठी 1990 च्या दशकात हे केलं आणि पुढे ते स्ट्रोकमध्येही उपयोगी दिसलं. एकदा थेरपिस्टकडून शिकून घ्या, मग रोज अर्धा तास घरीच. शिवाय टेबल फडक्याने पुसणं, दोन्ही हातांनी तांब्या धरणं, परातीतले शेंगदाणे चाळवणं हे सगळं दिवसभर. एक मात्र कधीच करू नका, बाबांना उठवताना लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, खांदा निसटतो आणि मग सहा महिने दुखणं मागे लागतं.

प्रश्न (योकोहामा): ताई, मी मूळचा नाशिकचा, इथे आयटीत आहे. आईला डिमेन्शिया आहे, नाशिकला ताईकडे असते. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणून पिशवी भरायला लागते. इथे एका केअर होममध्ये कंपनीतर्फे गेलो होतो तिथे एक पांढरा सील मासा रोबोट आज्जी लोकांच्या मांडीवर होता आणि त्या अगदी शांत बसल्या होत्या. आईसाठी पाठवू का? ताई (माझी बहीण) म्हणते आईला खेळणं देऊन फसवायचं का.

उत्तर: तो पारो. (सील मासा नसतो बरं का, पण जाऊ दे, आपण सगळे तसंच म्हणतो.) ताकानोरी शिबाता नावाच्या शास्त्रज्ञांनी 1993 पासून त्यावर काम केलं, तान्ह्या हार्प सीलसारखा, वजन 2.7 किलोच्या आसपास, म्हणजे साधारण नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढा आणि हे वजन मांडीवर फार ओळखीचं वाटतं. अमेरिकेत 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. मांजर-कुत्रा न करता सील का केला तर खरं मांजर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, खोटं लगेच ओळखू येतं, सील कुणी पाळलेला नसतो त्यामुळे तुलना करायला काही नाही. आणि अजून एक, तो बोलत नाही, नुसता कूं कूं करतो, म्हणजे आईला जपानी यायचा प्रश्न नाही! अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने एकट्या म्हाताऱ्यांना एलिक्यू म्हणून टेबलावरचा गप्पा मारणारा रोबोट वाटला, पण तो आपल्या आईशी काय बोलणार, डिमेन्शियात माणूस मागे मागे जाऊन शेवटी आईकडून शिकलेल्या भाषेत उरतो.

पण किंमत तुम्ही पाहिली असेलच, सहा हजार डॉलरच्या घरात. आणि यावरचा एक अभ्यास मला फार आवडतो, ऑस्ट्रेलियात 28 केअर होममधल्या 415 लोकांवर केलेला. काहींना पारो दिला, काहींना तोच पारो पण आतलं यंत्र बंद केलेला, म्हणजे नुसतं मऊ खेळणं, आणि काहींना काहीच नाही. पारोमुळे लोक जास्त गुंतले, जास्त बोलले, हे खरं, पण अस्वस्थपणा कमी होण्यात चालू पारो आणि बंद पारो यांच्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. म्हणजे मऊ, उबदार, मांडीत मावेल असं काहीतरी हवं असतं. ते नाशिकला मेन रोडवर मिळतं.

बहिणीचा मुद्दा मात्र झटकून टाकू नका. मी असं करते की वस्तू नुसती जवळ ठेवते, "हे बाळ आहे, घे" असं म्हणत नाही. आजी स्वतःहून त्याला बाळ म्हणाल्या तर म्हणू देते, खेळणं म्हणाल्या तर खेळणं. काहीजणी भिरकावून देतात, त्याही बरोबरच असतात. माझ्या एका पेशंट आजी बाहुलीला तासभर थोपटायच्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ही कापसाची आहे, मला माहितीये, पण झोपते शहाण्यासारखी."

संध्याकाळच्या पिशवीबद्दल, ती वेळ आधीच ओळखून साडेपाचला हातात काम द्या. मेथी निवडणं, वाल सोलणं, धुतलेल्या रुमालांच्या घड्या, परत परत त्याच केल्या तरी चालतंय. घरात लाईट लवकर लावा, सावल्या वाढल्या की घाबरतात. आणि तुम्ही रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉल करा, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतील, जेवता जेवता करा. सहा हजार डॉलर वाचले तर त्यातून बहिणीला महिन्यातून चार दिवस सुट्टी मिळेल अशी बाई लावा, हे मी तिच्या वतीने सांगतेय, तिने सांगितलेलं नाही.

प्रश्न (बीड): वडिलांना कानाचं मशीन आणि वॉकर सरकारकडून फुकट मिळतं का?

उत्तर: केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, 2017 पासून, 60 च्या पुढचे दारिद्र्यरेषेखालचे किंवा कमी उत्पन्नाचे लोक, शिबिरात तपासून काठी, वॉकर, कानाचं मशीन, चष्मा, कवळी, व्हीलचेअर देतात, वस्तू कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कारखान्याकडून येतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री वेगळी, 2024 ला आली, 65 च्या पुढे, एकदाच 3000 रुपये खात्यात. दोन्हींसाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसात चौकशी करा, आधार आणि उत्पन्नाचा दाखला घेऊनच जा म्हणजे दुसरी चक्कर वाचेल. कानाचं मशीन मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस वडील "नुसता गोंगाट येतो" म्हणून काढून ठेवतील, तेव्हा रोज थोडा थोडा वेळ लावत वाढवा, ड्रॉवरमध्ये पडू देऊ नका.

प्रश्न (सांगली): तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते. मी 62 ची, हे 68 चे, वजन 85 किलो. दोन वर्षं झाली अंथरुणाला खिळलेत. कॉटवरून खुर्चीत घ्यायचं म्हणजे शेजारच्या पोराला हाक मारावी लागते, तो कॉलेजला गेला की बसा वाट बघत. माझी कंबर कामातून गेलीय. नातवाने मोबाईलवर अस्वलाच्या तोंडाचा रोबोट दाखवला, माणसाला उचलून घेतो. कुठे मिळेल?

उत्तर: काकू, तुझ्या नातवाने दाखवला तो रोबेअर. मिळणार नाही, कारण तो कुठेच मिळत नाही. जपानच्या रिकेन संस्थेने 2015 ला दाखवला, दोन्ही हातांवर माणूस अलगद उचलायचा, तोंड अस्वलाच्या पिल्लाचं म्हणजे पेशंट घाबरायला नको. पण त्याचं स्वतःचं वजन 140 किलो, त्याच्या आधीचा तर 230 किलोचा होता. तो दुकानात कधी आलाच नाही, प्रयोगशाळेतून फोटो मात्र जगभर फिरले आणि दहा वर्षांनी पण नातवंडं आजीला दाखवतायत. सांगलीतल्या बेडरूममध्ये तो आला असता तर काकांना बाहेर ठेवायला लागलं असतं.

तुला हवं ते साधं आहे, त्याला पेशंट लिफ्टर म्हणतात. गॅरेजमधल्या जॅकसारखं हायड्रॉलिक, खाली चाकं, वर आडवा दांडा, त्याला कापडी झोळी अडकवायची, काकांना कुशीवर वळवून झोळी अंगाखाली सरकवायची, परत दुसऱ्या कुशीवर, मग हँडल मारत मारत वर. एकटी बाई 85 किलो उचलू शकते, घाम न येता. सर्जिकलच्या दुकानात भाड्याने पण मिळतो, आधी महिनाभर भाड्याने घे. आणायच्या आधी टेप घेऊन तीन गोष्टी मोज. कॉटखाली त्याचे पाय जाण्याइतकी जागा आहे का (आपल्या दिवाणाला खाली खण असतात, तिथेच सगळं अडतं), दाराची रुंदी, आणि उंबरा. कितीतरी घरांत मी व्हीलचेअर बाल्कनीत कपडे वाळत घालायला वापरलेली पाहिलीय कारण ती दारातून जातच नाही.

लिफ्टर येईपर्यंत, जुनी जाड चादर चौघडी करून काकांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी कायमची अंथरून ठेव, वर सरकवायचं असेल तर काखेत धरू नकोस, ती चादर दोन बाजूंनी धरून सरकवा. दर दोन तासांनी कूस बदल, हवेची गादी असली तरी, ती गादी आणली म्हणजे आता वळवायला नको असं दुकानदार सांगतो ते खोटं. आणि स्वतःच्या कमरेचा एक्सरे पुढे ढकलतेयस ना? पत्रात दोन ओळी त्यावर लिहून खोडल्यायस, मला दिसल्या.

प्रश्न (सातारा): आजी 83, एकटी राहते, गाव सोडायला तयार नाही, आम्ही पुण्यात. पडलं की आपोआप कळवणारं घड्याळ घेऊ का?

उत्तर: घ्या, पण ते काय करतं ते समजून घ्या. आत हालचाल मोजणारे सेन्सर असतात, जोरात आपटल्यासारखा झटका आणि त्यानंतर माणूस हलत नाही, असं दिसलं की ते विचारतं ठीक आहात का, उत्तर नाही आलं की फोन लावतं. ॲपलच्या घड्याळात 2018 ला हे आलं, नंतर बाकीच्यांनी पण केलं. माझ्या वडिलांना आम्ही एक घेऊन दिलं होतं (कंपनी सांगत नाही), ते गुरुवारच्या भजनात जोरजोरात टाळ वाजवताना घड्याळाला वाटलं पडले, आणि पुढच्या पाच मिनिटांत मला, भावाला, वहिनीला असे तिघांना मेसेज, मी पेशंट सोडून धावत सुटले आणि तिकडे हे "विठ्ठल विठ्ठल"मध्ये रंगलेले. त्यानंतर भजनाला जाताना काढून ठेवायला लागले आणि मग काढलेलंच राहायला लागलं. शिवाय हळूच भिंतीला धरून घसरत खाली बसलं तर झटका बसत नाही, त्याला कळत नाही.

म्हातारी माणसं पडतात जास्त करून बाथरूममध्ये आणि रात्री उठताना, म्हणजे नेमकं जेव्हा घड्याळ काढून खिडकीत किंवा चार्जिंगला ठेवलेलं असतं. म्हणून पाण्यात चालणारं घ्या आणि चार्जिंग दुपारी टीव्ही बघताना करायची सवय लावा. मेसेज तुम्हाला पुण्यात येऊन उपयोग नाही, पहिला नंबर चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाचा टाका, दुसऱ्या किल्लीसकट. आणि ह्या सगळ्याच्या आधी सुतार बोलावून बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल अशी बसवा. आजी आत पडल्या आणि कडी आतून, मग घड्याळाने कितीही बोंब मारली तरी दार फोडेपर्यंत अर्धा तास जातो. कमोडशेजारी एक दांडा, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा, गुळगुळीत स्लीपर बाद. ॲम्ब्युलन्सला 108. ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाईन पण लिहून ठेवा, पण ती माहिती आणि मदतीसाठी आहे, पडल्यावर आधी 108 च.

प्रश्न (ठाणे): मॅडम, मी सेंटरतर्फे (कामाला बाया पुरवतात ते) घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम करते, 12 तास ड्युटी. हे माझी मुलगी टाईप करतेय. आता जिथे आहे तिथे आजींच्या खोलीत कॅमेरा लावला, मला सांगितलं पण नाही, बल्बसारखा आहे, मुलीने ओळखला. साहेब हसत म्हणाले मावशी पुढच्या वर्षी रोबोट येणार मग तुम्हाला सुट्टी. खरंच येणार का? आणि एक, आजींचे केस लांब आहेत, त्यांना उठवता येत नाही, केस धुवायचे कसे? साहेब म्हणतात कापून टाका, आजी रडतात.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

जपान हा देश या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. तिथे दर दहातले जवळपास तीनजण 65 च्या वरचे, 2000 सालापासून देखभालीचा सरकारी विमा आहे, 2013 पासून सरकारने कोणते केअर रोबोट बनवायचे त्याची यादी करून कंपन्यांना पैसे दिले. एवढं करून झालं काय, तर 2019 ला त्यांनी माणसं कमी पडणाऱ्या कामांसाठी, त्यात देखभालही आली, बाहेरच्या देशातल्या लोकांना वेगळा व्हिसा काढला, आणि 2021 ला भारताशी पण करार केला. ज्यांनी रोबोट केले तेच माणसं मागतायत. तिथे चालतं ते जास्त करून असलं, की गादीखाली सेन्सर असतो, आजोबा उठून बसले की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो. दिवा लागल्यावर उठून जायचं कुणी, माणसानेच. आणि उचलायची यंत्रं, गप्पांचे रोबोट हे सुद्धा कपाटातून काढा, चार्ज करा, पुसा, परत ठेवा, हे काम त्याच बायांच्या अंगावर पडलं म्हणून कित्येक ठिकाणी ते कपाटातच राहिले. तुमच्या साहेबांना सांगा रोबोट आणला तर त्याची पण ड्युटी लावावी लागेल, तिचे पैसे वेगळे.

कॅमेऱ्याचं, तो लावणं त्यांना गरजेचं वाटत असेल, लोक बाहेरून येतात, भीती असते, समजू शकते. पण न सांगता लावणं बरोबर नाहीच आणि आजींचे कपडे बदलतानाही तो चालू असतो हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल. भांडू नका, असंच विचारा, "साहेब, आजींना स्पंज करताना कॅमेरा फिरवून ठेवू का?" बरेच जण तिथेच ओशाळतात. सेंटरवाल्या बाईंना पण कळवून ठेवा.

आता केस. गंमत म्हणजे पॅनासॉनिकने केस धुणारा रोबोट केला होता, 24 बोटांचा, त्यात डोकं ठेवायचं. आपण आपल्या दहांत भागवू. एक मोठं प्लास्टिक घ्या, टेबलावर अंथरतात तसलं, एक टॉवेल वळकटी करून घोड्याच्या नालासारखा वाकवा आणि प्लास्टिकच्या खाली ठेवा म्हणजे तिन्ही बाजूंनी कड तयार होईल. आजींना कॉटच्या कडेला तिरकं घ्या, मान त्या वळकटीवर, मानेखाली अजून एक मऊ नॅपकिन. प्लास्टिकचं उघडं टोक कॉटवरून खाली बादलीत सोडा, पाणी आपोआप तिकडे जातं. कानात कापूस घाला, कोमट पाणी मनगटावर बघून मग तांब्याने थोडं थोडं. आदल्या रात्री तेल लावून गुंता बोटांनी सोडवून ठेवा, धुताना सोडवायला गेलात तर ओढलं जाऊन दुखतं. शांपू चमचाभरच, पाण्यात पातळ करून, नाहीतर फेस काढता काढता आजी गारठतील. दुपारी बाराच्या सुमाराला, पंखा बंद. वाळले की दोन सैल वेण्या, एक मागे नको, टोचते आणि मागे जखम होते. कापायचे नाहीत.